शिपायाची समाधी



दिवेलागणीच्या वेळी स्मशान, कबर, समाधी असले शब्द आपल्या घरांतून कुणी उच्चारू देत नाही. तरीही आज मी त्याच विषयावर चार शब्द बोलणार आहे. घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींनी त्याबद्दल मला क्षमा करावी. राजे, सेनापती, पुढारी यांच्या समाध्या आपण पाहतो. तिथे फुले वाहतो, उत्सव करतो. पण त्यांच्या बरोबरीने जे साधे शिपाई लढले आणि पडले, त्यांची समाधी कुठे असते? हा प्रश्न मला पुस्तकात सुचला नाही. तो माझ्या एका विद्यार्थ्याने मला शेतात उभे राहून विचारला, आणि त्या वेळी मला त्याचे उत्तर देता आले नाही.

मी इथल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, मुलांना घेऊन मी जालना जिल्ह्यातल्या असईला गेलो होतो. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातले हे गाव. कपाशीची वेचणी चालू होती. मुलांना मी २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई समजावून सांगत होतो. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा, भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेल्या. दुसऱ्या बाजूला कंपनी सरकारचा सेनापती आर्थर वेलस्ली. एका दिवसात लढाई निकालात निघाली. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. त्यांतले कितीतरी तोफांच्या शेजारीच मारले गेले. मराठ्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. पण वेलस्लीलाही हा जय महाग पडला. त्याच्याकडचे ४२८ जण ठार झाले, आणि जखमी धरले तर आकडा दीड हजारावर जातो. मराठ्यांकडचे मेलेले आणि जखमी मिळून सहा हजारांच्या आसपास असावेत, असा अंदाज केला जातो.

आमचे बोलणे ऐकून बांधावरचे एक म्हातारे शेतकरी जवळ आले. म्हणाले, ‘‘गुरुजी, आमच्या आजाच्या नांगराला इथं लोखंडी गोळे लागायचे म्हणे.’’

एका मुलाने विचारले, ‘‘बाबा, गोळे लागायचे, आणि माणसांची हाडं?’’

‘‘हाडं? ती मातीच झाली की पोरा.’’

तो मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘सर, एवढी माणसं इथं मेली, त्यांची नावं तरी कुठं लिहिलेली आहेत का?’’

बघा, त्या लढाईचा सेनापती वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८१५ मध्ये त्याने वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. १८५२ मध्ये तो वारला, तेव्हा लंडनला सेंट पॉलच्या मोठ्या देवळात त्याला पुरले. ती कबर आजही लोक तिकीट काढून पाहतात. तोफेला चिकटून मेलेल्या गोलंदाजाचे मात्र नावही कुठे नाही. आणि हे केवळ आपल्या बाजूचेच झाले असे नाही, बरे का! वेलस्लीच्या फौजेतले बहुसंख्य शिपाई मद्रासकडचे, आपल्याच देशातले होते. मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आजही हत्ती आहे, तो असईच्या लढाईचा. पलटणीला हत्ती मिळाला. त्या शिपायांना केळनेची माती मिळाली.

आता असईहून जरा आपल्या घराजवळ येऊ. छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद, वेरूळ, खुलताबाद ही वाट आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालची आहे. एवढ्याशा टापूत इतिहासातली किती मोठी माणसे निजली आहेत, याचा विचार आपण क्वचितच करतो. खुलताबादला मलिक अंबराचा मकबरा आहे. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी नावाचे गाव वसवले. तेच पुढे औरंगाबाद, आणि आता आपले छत्रपती संभाजीनगर. त्याने शहरात आणलेले नहरीचे पाणी कित्येक पिढ्यांनी प्यायले. १६२६ मध्ये तो वारला. त्याआधी दोनच वर्षे, १६२४ मध्ये, अहमदनगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही या दोघांच्या फौजा एकाच वेळी मोडल्या. त्या लढाईत शहाजीराजे होते, आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथेच कामी आले. शरीफजींची समाधी भातवडीला आहे. मलिक अंबराचा मकबरा खुलताबादला आहे. पण धरण फोडून पाणी सोडणारे, रात्री शत्रूच्या छावणीवर छापे घालणारे जे शेकडो बारगीर होते, त्यांचे काय?

दौलताबादचा किल्ला तर आपण सहलीला पाहतो. याच किल्ल्यावर १६२९ मध्ये जिजाऊसाहेबांचे वडील लखुजी जाधवराव यांना निजामशहाच्या दरबारात दगा करून मारले. त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही मारली गेली. लखुजीरावांची भव्य समाधी सिंदखेडराजाला आहे. जिजाऊंच्या जन्मस्थानी जाल तेव्हा ती जरूर पाहा. शहाजीराजांची समाधी तर महाराष्ट्राबाहेर, कर्नाटकात होदिगेरे या गावी आहे. १६६४ मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून ते वारले, तिथेच. मराठ्यांचे राज्य ज्यांच्यापासून उभे राहिले, त्यांच्या समाध्या अशा दूरदूर विखुरलेल्या आहेत. पण निदान आहेत. त्यांना नाव आहे, गाव आहे.

खुलताबादचा उल्लेख झाला म्हणजे एक प्रश्न येतोच, आणि तो टाळून पुढे जाणे मला शोभणार नाही. मोगल बादशहा औरंगजेब याची कबर तिथे आहे. वर छप्पर नाही, कबरीवर माती आणि मातीत सब्जाचे रोप. संगमरवरी जाळी नंतरच्या काळात बसवलेली. मार्च २०२५ मध्ये ही कबर ठेवावी की काढावी यावरून राज्यभर मोठा वाद उठला. मुले मला वर्गात विचारतात, ‘‘सर, तुमचं मत काय?’’ मी त्यांना म्हणतो, मत नंतर. आधी तो दगड काय सांगतो ते वाचू या. याच बादशहाने १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचे हाल करून त्यांना ठार मारले. भीमेकाठी वढू बुद्रुकला महाराजांची समाधी आहे. बादशहाची भीती असतानाही तिथल्या गावकऱ्यांनी महाराजांवर अंत्यसंस्कार केले, असे परंपरा सांगते. पुढे काय झाले? मराठे संपले का? बादशहा दक्षिणेत उतरला तो मराठ्यांना बुडवायला. पंचवीस वर्षे तो छावणीत राहिला. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, मेला. दिल्लीला परत जाणे त्याच्या नशिबी आले नाही. त्याला परत जाऊ दिले नाही ते कुणी? संताजी, धनाजी, महाराणी ताराबाई यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. पण त्यांच्यामागे घोड्याच्या पाठीवर भाकरी खाऊन दिवस काढणारे हजारो शिलेदार आणि मावळे होते. त्यांच्या समाध्या नाहीत. मला तर वाटते, बादशहाची ती कबर हीच त्या अनाम मावळ्यांच्या पराक्रमाची पावती आहे. तिला मान द्यावा की न द्यावा, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. पण हाती असलेली पावती शहाणा माणूस फाडत नाही.

असो. आपण शिपायाच्या समाधीचा शोध घेत होतो.

कुणी म्हणेल, आपल्यात बहुतेकांत दहन करतात, राख नदीत सोडतात. मग शिपायाची कबर राहणार कशी? म्हणणे बरोबर आहे. पण आपल्या पूर्वजांना शिपायाची आठवण ठेवण्याची रीत माहीत नव्हती असे मात्र नाही. ती रीत आपल्या गावोगाव उभी आहे. आपण तिला ओळखत नाही, इतकेच. मी वीरगळाविषयी बोलतो आहे.

तुमच्या गावात वेशीपाशी, मारुतीच्या पाराजवळ किंवा महादेवाच्या देवळामागे कमरेएवढा एखादा उभा दगड असेल. त्यावर एकावर एक असे तीन-चार चौकोन कोरलेले असतील. त्याच्याजवळ बसा आणि तो खालून वर वाचा. सगळ्यात खालच्या चौकोनात एक माणूस आडवा पडलेला दिसेल. तो आपला वीर. त्याच्या वर लढाई दिसेल, ढाल-तलवार घेतलेली माणसे. कधी कधी गाई दिसतील. त्याचा अर्थ, गावची गुरे पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो पडला. त्याच्या वर अप्सरा त्याला हाताला धरून स्वर्गाला नेत आहेत. आणि अगदी वरच्या चौकोनात तो हात जोडून शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. चंद्रसूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. यादवांच्या काळातले आणि त्याच्या आगेमागचे असे दगड महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. बहुतेकांवर अक्षर नाही. कारण गावाला नाव ठाऊक होते. ते लिहून ठेवायची गरज आहे, असे तेव्हा कुणाला वाटले नाही.

चूक झाली ती इथेच. दगड राहिला आणि नाव गेले. पुढे कुणी त्या दगडाला शेंदूर लावला, तो म्हसोबा झाला. कुणी पायरीला बसवला. माझ्या आजोळी विहिरीवर असाच एक दगड होता. लहानपणी त्यावर बायका धुणे धूत आणि आम्ही पोरे त्यावरून पाण्यात उड्या मारत असू. तो वीरगळ होता, हे मला एम. ए. झाल्यावर कळले. कितीतरी घरांच्या देव्हाऱ्यात वीराचा टाक असतो. सणावाराला त्याची पूजा होते. घरातल्या माणसांना विचारावे, हा वीर कोण? तर उत्तर येते, ‘‘आमच्याच घराण्यातला कुणीतरी, पूर्वी लढाईत पडलेला.’’ भक्ती राहिली आणि ओळख पुसली, असे हे झाले आहे.

नाव कोरले म्हणजे काय फरक पडतो, हे पाहायचे असेल तर पुण्याजवळ कोरेगाव भीमा इथला स्तंभ पाहावा. १ जानेवारी १८१८ ला तिथे पेशव्यांच्या फौजेशी कंपनीच्या पलटणीची लढाई झाली. इंग्रजांनी पुढे तिथे दगडी स्तंभ उभारला आणि पडलेल्या शिपायांची नावे त्यावर कोरली. एकंदर नावे ४९. त्यांत ‘नाक’ हे पद शेवटी असलेली, म्हणजे महार शिपायांची नावे २२. स्तंभ इंग्रजांनी आपल्या विजयासाठी उभारला, हे खरेच आहे. पण शंभर वर्षांनी त्या नावांनी स्वतःचे काम केले. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते, त्यांचे वाडवडील रणांगणात उभे होते, हे तो दगड अक्षरांनी सांगत होता. आज दर वर्षी लाखो लोक तिथे जातात. ती नावे कोरलीच नसती तर? एखाद्या दगडावर नुसता हत्ती कोरून ठेवला असता तर?

आता मघाशी मी मलिक अंबराच्या खडकीची गोष्ट सांगितली. पुण्याजवळही एक खडकी आहे. तिथे लष्कराच्या हद्दीत एक दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. शिवाय पहिल्या महायुद्धाच्या काळात या देशात मेलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावे तिथल्या स्मारकावर आहेत. मी तिथे गेलो तेव्हा मला विशेष वाटले ते हे की, सगळे दगड सारखे. अधिकाऱ्याचा मोठा आणि शिपायाचा लहान, असा भेद नाही. कापलेली हिरवळ, प्रत्येक दगडापाशी फुलझाड. १९१७ मध्ये इंग्रजांनी यासाठी एक कमिशन नेमले. आज त्याला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणतात. त्याचा नियमच असा, की मेल्यावर पद पाहायचे नाही, प्रत्येकाचे नाव लिहायचे. नागालँडमध्ये कोहिमाच्या दफनभूमीत हिंदू आणि शीख सैनिकांसाठी वेगळे दहनस्मारक आहे. त्यावर ९१७ नावे आहेत. म्हणजे दहन केले तरी नाव राखता येते.

नियम चांगला. पण तो सगळ्यांना सारखा लावला का? इथे कान देऊन ऐका. पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढल्या. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर त्या कुतच्या वेढ्यात अडकल्या. एप्रिल १९१६ मध्ये कुत पडले. कित्येक जण उपासमारीने आणि कैदेत मेले. त्या आघाडीवर ज्यांची कबर सापडली नाही, त्यांच्यासाठी बसरा इथे मोठे स्मारक उभारले. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव आहे. हिंदी अधिकाऱ्याचेही नाव आहे. आणि हिंदी शिपायाचे? अमुक पलटणीचे आणखी इतके शिपाई, असा नुसता आकडा! फ्रान्समध्ये न्यव्ह शापेल इथे मात्र चार हजार सातशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरली आहेत. युरोपात नाव आणि आशियात आकडा. २०२१ मध्ये त्या कमिशननेच चौकशी करून हा भेद कबूल केला आणि माफी मागितली. आफ्रिका आणि आशियातल्या निदान १,१६,००० मृतांची नावे कुठेच कोरली गेली नाहीत, कदाचित याहूनही पुष्कळ जास्त, असे त्या अहवालात म्हटले आहे. शंभर वर्षांनी माफी मागितली, ठीक आहे. पण नावे आता आणायची कुठून? ती लंडनच्या कपाटातून निघतील ती निघोत. काही नावे आपल्याच घरांच्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत पडून आहेत.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे हे गाव आहे. लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एकट्या गावचे ४६ जवान कामी आले. गावात त्यांचे स्मारक आहे आणि गाव ते विसरलेले नाही. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे हे दुसरे उदाहरण. १० जुलै १९४४ ला इटलीत, बरोबरचे सगळे पडल्यावर, या बावीस वर्षांच्या जवानाने एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल केली, ठाणे घेतले आणि तिथेच गोळी लागून प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही. त्यांचे नाव इटलीत कासिनोच्या स्मारकावर आहे, आणि माणगावला त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने एक स्मारक उभारले. परक्या गावाने इतकी आठवण ठेवावी, मग आपल्या गावाने आपल्या माणसाची किती ठेवायला हवी?

अमेरिकेत राजधानीजवळ आर्लिंग्टन नावाची राष्ट्रीय दफनभूमी आहे. १८६४ पासून तिथे सैनिकांना पुरतात. चार लाखांहून अधिक माणसे तिथे निजली आहेत. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून झाला, तेव्हा त्यांनाही तिथेच, सैनिकांच्या रांगांजवळ पुरले. पुढारी आणि शिपाई एका जमिनीत. आपल्याकडे तसे नाही. दिल्लीला यमुनाकाठी राजघाट आहे, मुंबईला दादरची चैत्यभूमी आहे, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. शिपायाची आठवण आपण फार वर्षे त्याच्या पलटणीवर आणि त्याच्या घरावर सोपवली होती. पूर्वी सीमेवर जवान पडला की बहुधा तिकडेच दहन होई. घरी तार येई, मागाहून अस्थी आणि पेटी येई. १९९९ च्या कारगिलच्या युद्धापासून जवानाचे पार्थिव गावी आणण्याची पद्धत पडली. सारे गाव स्मशानात लोटते. शाळेची मुले रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहतात. दिल्लीला २५ फेब्रुवारी २०१९ ला राष्ट्रीय युद्धस्मारक खुले झाले. स्वातंत्र्यानंतर देशासाठी पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे तिथे एकेका दगडावर कोरली आहेत. सेनापती आणि शिपाई असा भेद तिथेही नाही.

आपल्या मराठवाड्यातही एक सैन्य होते. त्याला गणवेश नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले, त्याआधी गावोगावच्या साध्या माणसांनी निजामाशी आणि रझाकारांशी झुंज दिली. नांदेड जिल्ह्यात अर्जापूरजवळ १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे मारले गेले. हिंगोलीकडचे बहिर्जी शिंदे असेच पडले. यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. पण प्रत्येक तालुक्यात अशी माणसे आहेत, की जी कुणाला भाकरी पोचवताना, कुणाला लपवताना मारली गेली. त्यांना पाहिलेली पिढी आता जवळजवळ गेलीच. जे कुणी नव्वदीचे म्हातारे-म्हाताऱ्या उरल्या आहेत, त्यांच्याबरोबर ती नावेही जातील.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. खर्चाचे काम नाही. शाळेत एक जाड वही घाला. तिला ‘गावच्या वीरांची वही’ म्हणा. चौथीच्या पुढच्या मुलांना सांगा, आजी-आजोबांपाशी बसा आणि विचारा: आपल्या घरातले, भावकीतले, गल्लीतले कुणी पलटणीत होते का? मुक्तिसंग्रामात कुणी पडले का? नाव, गाव, पलटण, साल, मेल्याचे ठिकाण, यांतले जे कळेल ते लिहा. जात विचारून वही वेगळी करू नका. मुसलमान शिपाई कब्रस्तानात असेल, ख्रिस्ती त्यांच्या दफनभूमीत असेल, त्यांचीही नावे त्याच पानावर घ्या.

दुसरे असे की, घरात जुने पदक असेल तर त्याची कड भिंगाने पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरात कोरलेली असते. ते घासून चकचकीत करू नका; अक्षरे झिजतात. नाव आणि पलटण मिळाली की कमिशनच्या नोंदी इंटरनेटवर फुकट पाहता येतात. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातही विचारता येते.

तिसरे, गावात वीरगळ असेल तर त्याचे छायाचित्र काढा, तो कुठे उभा आहे ते लिहून ठेवा. त्याला ऑइलपेंट लावू देऊ नका, सिमेंटात गाडू देऊ नका. लोक पूजा करत असतील तर करू द्या. फक्त मुलांना सांगा, हा कुणी भीती दाखवणारा देव नाही. हा आपल्या गावासाठी मेलेला माणूस आहे. आणि गावात हुतात्मा स्मारक असेल, त्याचे दार गंजले असेल, आवारात काँग्रेस गवत माजले असेल, तर पंधरा ऑगस्टची वाट पाहू नका. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन जा.

शेवटी, असईच्या शेतात प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाची गोष्ट सांगून मी थांबतो. सहलीनंतर महिन्याभराने तो माझ्या खोलीत आला. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. तळहाताहून थोडी मोठी, काळी पडलेली जाड चकती. म्हणाला, ‘‘सर, आजी ही दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवते. राणीचा बिल्ला म्हणते. कडेला काहीतरी इंग्रजी आहे.’’

मी ती उजेडात धरली. एक स्त्री, तिच्याजवळ सिंह, आणि एका चौकटीत उठावाची अक्षरे. ही चकती पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या घरी पाठवली जाई. त्यावर पद लिहीत नसत, फक्त नाव. आम्ही दोघांनी ते नाव एकेक अक्षर लावून वाचले. ते त्याच्या आजोबांच्या चुलत्याचे नाव होते. ‘मुंबईला पळून गेला, परत आलाच नाही,’ एवढेच घरात त्याच्याविषयी बोलत. शंभर वर्षे तो घराच्या लेखी घर सोडून पळालेला माणूस होता.

दुसऱ्या दिवशी मुलगा गावी गेला. आल्यावर मी विचारले, ‘‘आजी काय म्हणाल्या?’’

तो म्हणाला, ‘‘काही बोलली नाही, सर. चकती पाण्यानं धुतली, पदरानं पुसली आणि देव्हाऱ्यात वीराच्या टाकाशेजारी ठेवली. मग मला म्हणाली, ‘याचं नाव काय होतं म्हणालास? पुन्यांदा सांग. मला पाठ करू दे.’ ’’

श्रोतेहो, शिपायाची समाधी कुठे असते, या प्रश्नाचे एवढे उत्तर मला सापडले आहे. आपल्याही घरात असे एखादे नाव असेल. आज जेवणे झाल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारून पाहा.